खांबेट्यांच्या लिंडनचा पार

पुरुषोत्तम खांबेट्यांना स्वतःच्या हाताने कोणतीही गोष्ट धड करता येत नसे. पण ती कशी करायला हवी, हे मात्र प्रत्येक गोष्टीच्या बाबतीत ठाऊक असे. डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉय गावात अशा मराठी माणसांना तोटा नव्हता. मोटारींच्या कंपन्यांनी ती भारतातून वेचून आणली होती. कोणी वायपरचा आराखडा काढी, कोणी दाराच्या बिजागरीचा. पुरुषोत्तमरावांकडे आसनाखालच्या स्प्रिंगा होत्या. माणूस बसला की गादी किती दबते आणि उठला की किती वर येते, या एका प्रश्नावर त्यांनी उमेदीची सगळी वर्षे घालवली होती. त्यांची बायको शरयू म्हणे, "बसणं हा ह्यांचा धंदाच आहे." ती हे हसत म्हणत नसे, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावे की नाही ते कळत नसे.

शरयू मूळची गडहिंग्लजची. समोरच्या माणसाची किंमत ती एका नजरेत करी आणि ती बहुधा कमीच निघे. महाराष्ट्र मंडळातल्या बायका तिला जरा टरकून असत. "शरयूवहिनी गप्प बसल्या की मला दोष दिल्यासारखं वाटतं," असे शोभा नगरकर म्हणे. शोभा ही मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त नगरकर यांची बायको. ती स्वतः गप्प बसल्याचा अनुभव कोणालाच नव्हता.

खांबेट्यांनी ट्रॉयमध्ये घर घेतले तेव्हा बिल्डरने भोवती हिरवळीची सतरंजी अंथरून दिली होती, पण सबंध वसाहतीत सावली देईल असे एक झाड नव्हते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेचे ऊन थेट ओट्यावर येई. एकोणऐंशीच्या वसंतात शरयूने रोपवाटिकेतून एक लिंडन आणले. मनगटाएवढे खोड, मुळांभोवती गोणपाटात बांधलेला मातीचा गोळा. रोपवाटिकेच्या मालकाने ते गाडीत ठेवताना एक गोष्ट बजावून सांगितली. खोड जिथे पसरत पसरत मुळांत उतरते, तो घेर कायम उघडा राहिला पाहिजे. तिथे माती चढली तर आतली साल कुजते. झाड एकदम मरत नाही, वर्षानुवर्षे मरत राहते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. हे सांगितले तेव्हा पुरुषोत्तमराव शेजारीच उभे होते. ते घड्याळ बघत होते.

झाड शरयूने वाढवले. खड्डा परातीसारखा पसरट आणि उथळ खणला, गोणपाट कापून काढले, पहिले दोन उन्हाळे नळी लावून सावकाश पाणी सोडले. थंडीत ससे येऊन साल कुरतडत, म्हणून खोडाला जाळी गुंडाळली. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते या झाडाला सोसत नाही, म्हणून रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या गाडीने कडेला लोटलेला खारट बर्फ ती फावड्याने परत रस्त्यावर ढकली. जुलैत तांबूस-हिरवे भुंगे येत आणि पानांची चाळण करत. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हा शरयू साबणाच्या पाण्याची बादली फांदीखाली धरी आणि एकेक भुंगा टिचकी मारून आत पाडी. हे काम तिला आवडत असे. मंडळातल्या काही माणसांची नावे ती त्या वेळी मनातल्या मनात घेत असे, असे तिने एकदा मुलीला, वीणाला, सांगितले होते.

पुरुषोत्तमरावांचा झाडाशी एवढाच संबंध, की पानांवरच्या माव्यामुळे चिकट थेंब खाली पडत आणि त्यांची गाडी त्याच्याखाली उभी असे.

"हे झाड थुंकतं," ते म्हणत.

"गाडी गॅरेजमध्ये ठेवा."

"गॅरेजमध्ये जागा कुठाय?"

गॅरेजमध्ये त्यांनी अर्ध्यावर सोडलेले टेबल, अर्ध्यावर सोडलेली पुस्तकांची मांडणी आणि पूर्ण सोडून दिलेली होडी होती.

जूनच्या अखेरीस लिंडन फुलले की बारीक पिवळसर फुलांचा मधासारखा वास घरभर भरे आणि मधमाश्यांच्या आवाजाने झाड घुमत राही. शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस नोव्हाक पोलंडच्या. त्या फुले वेचून वाळवत आणि त्यांचा चहा करत. त्यांचे आणि शरयूचे बोलणे थोडके आणि कामाचे असे, म्हणून शरयूला त्या बाई पसंत होत्या.

चौऱ्याऐंशीत पुरुषोत्तमराव मंडळाचे उपाध्यक्ष झाले. उपाध्यक्षाला करण्यासारखे काही नसते, आणि ज्याला काही करायचे नसते त्याला कल्पना सुचतात. मे महिन्यातल्या एका शनिवारी मंडळी खांबेट्यांच्या घरी जमली होती. चारुदत्त नगरकरांनी लिंडनचे एक कोवळे पान खुडले आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवले.

"बघा. आकार बघा. टोक जरा आखूड आहे, पण आहे पिंपळच."

"पिंपळाचा अमेरिकन कझिन," गिरीश म्हणाला. गिरीश त्या कंपूतला सर्वांत तरुण, पाणी कसे वाहते याचा तज्ज्ञ.

"मग ह्याला पार हवा," पुरुषोत्तमराव म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्याने भारावले. "आपल्या गावाकडे असतो तसा. विटांचा, गोल, मस्त बसता येईल असा. अरे, आपण इथे येऊन काय केलं? बेसमेंटमध्ये बसलो. माणसानं पारावर बसायला पाहिजे."

पुरुषोत्तमराव दादरच्या चाळीत वाढले होते. गावाकडे ते उन्हाळ्याच्या सुटीत जात आणि पोट बिघडवून परत येत. पण परदेशात गेलेल्या माणसाला एक गाव लागते, आणि खरे नसेल तर तो ते तयार करतो.

शरयूला मात्र खरा पार माहीत होता. गडहिंग्लजला त्यांच्या घरासमोरच तो होता. वडाचा. त्यावर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गावातले रिकामटेकडे बसत. कोणाची मुलगी कोणत्या रंगाची ओढणी घेऊन कुठे निघाली, कोणाच्या घरात भांडण झाले, कोणाची सून माहेराहून परत आली नाही, या सगळ्याचा निकाल तिथे लागे. निकाल देणाऱ्यांपैकी एकाच्याही घरात चूल त्याच्या कमाईवर पेटत नसे. शाळेला जाताना ती मागच्या गल्लीने वळसा घालून जाई. हायस्कूलची सगळी वर्षे तिने तो वळसा घातला. लग्न होऊन अमेरिकेला निघाली तेव्हा जी थोडी सुखे तिने मनाशी धरली होती, त्यांत त्या पाराचे तोंड पुन्हा बघावे लागणार नाही हे एक होते. आता तोच पार चालत चालत मिशिगनला आला होता, आणि तिच्या झाडाला चिकटणार होता.

रात्री भांडी आवरताना ती नवऱ्याला म्हणाली, "बसायला बाक करा. झाडाच्या बुंध्याला माती लावू नका. मरेल ते."

"अगं, वडाच्या पाराला काय होतं? पिढ्यान् पिढ्या उभे आहेत."

"तो वड असतो. त्याला वरूनही मुळं फुटतात. हा लिंडन आहे."

"शरयू, मंडळात नऊ इंजिनिअर आहेत."

शरयूने हात पुसले आणि झोपायला गेली. एकदा सांगितलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगणे तिच्या लेखी पदर पसरण्यासारखे होते. ज्याला ऐकायचे असेल त्याने यावे आणि विचारावे. नसेल तर घोडा मैदान जवळच होते. झाड सुकले की येतीलच विचारायला, तेव्हा बघू, असे तिने ठरवले, आणि या ठरवण्याला तिने स्वाभिमान असे नाव दिले.

पार बांधायला जून महिना गेला. नऊ इंजिनिअरांनी आधी कागदावर पार बांधला, तोही दोनदा. मग विटा आल्या. वायपरवाल्याने पहिला थर लावला, बिजागरीवाल्याने तो काढला. गिरीशने पाणी साचू नये म्हणून कुठून कसा उतार द्यायचा यावर इतका वेळ घेतला की कालवलेला सिमेंटचा गिलावा घमेल्यातच दगड झाला. बिअरचे खोके मात्र वेळेवर रिकामे होत होते. शेवटी एक शनिवार सगळ्यांनी नेट लावला आणि झाडाभोवती मांडीइतक्या उंचीचे, एका बाजूला कललेले विटांचे कडे उभे राहिले. त्यात ट्रकने मागवलेली काळी माती ओतली, बुंध्याला घट्ट दाबून बसवली आणि वरून फरश्या लावल्या.

वीणा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने बाहेर येऊन पाराला एक फेरी मारली.

"डॅड, इट लुक्स लाइक अ हॉट टब."

"धिस इज अवर कल्चर, बेटा," चारुदत्त नगरकर म्हणाले.

"ओके काका. व्हेअर डज द वॉटर गो?"

गिरीश लगेच पुढे सरसावला आणि तिला उतार समजावू लागला. ती निघून गेली तरी तो समजावतच होता.

उद्घाटन झाले. नारळ फुटला. शोभाने झाडाला हळदकुंकू वाहिले, पाच प्रदक्षिणा घातल्या आणि सहावीला लॉनच्या पाण्याच्या तोटीला अडखळून पडली. चारुदत्तांनी मातीशी असलेल्या नात्यावर भाषण केले. ज्या मातीबद्दल ते बोलत होते ती गावाबाहेरच्या गोदामातून आली होती. त्यानंतर दर शनिवारी चांगली हवा असली की मंडळी पारावर बसू लागली. चहा आतून येई, वडे आतून येत, चटणी विसरली तर हाकही आत जाई. त्यांनी पंजाबचा प्रश्न सोडवला, रुपयाचा सोडवला, समोरून धावत जाणाऱ्या गोऱ्या बायकांच्या कपड्यांबद्दल दबक्या आवाजात मते दिली. गावचा पार त्यांतल्या एकानेही धड पाहिलेला नसेल, पण पाराची विद्या मात्र कोणाला शिकवावी लागली नाही. शरयू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघे, कढईत वडे सोडी, आणि प्रत्येकाचे मोल दर वेळी थोडे आणखी उतरवी.

पुढच्या वर्षी लिंडन असे फुलले की पान दिसेना.

"बघितलंस?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "पार मानवला त्याला. मरेल म्हणे."

 मिसेस नोव्हाकनी कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ वर पाहिले होते आणि नेहमीची टोपली न भरताच त्या परत गेल्या होत्या. जाताना एवढेच म्हणाल्या, की झाडाला आपण मरणार अशी भीती वाटली की ते अशी घाईघाईने फुले काढते. शरयूला ते पटले. पाने मागच्या वर्षीपेक्षा लहान होती, हे तिने मेमध्येच पाहिले होते. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. तिला झाडाचे वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर त्या वाईट वाटण्याच्या तळाशी थोडे समाधानही होते. आपले म्हणणे खरे होत चालल्याचे समाधान फार चविष्ट असते.

शहाऐंशीच्या ऑगस्टमध्ये शेंड्याची पाने पिवळी पडून गळाली. आता मंडळीही वर बघू लागली. एका शनिवारी पारावर बसूनच पारावरच्या झाडाची चिकित्सा झाली.

"ॲसिड रेन," चारुदत्त म्हणाले. "मी वाचलंय."

"मला वाटतं पाणी कमी पडतंय यार," गिरीश म्हणाला. "आपण पाइप ड्रिल करून आत सोडू."

"खत द्या. इथल्या झाडांत दमच नसतो," वायपरवाला म्हणाला. "आपला पिंपळ बघा, भिंतीत उगवतो."

"भुंगे आहेत ते," पुरुषोत्तमराव म्हणाले. "शरयू नीट वेचत नाही हल्ली."

शरयू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या मागेच उभी होती. तिने ट्रे ठेवला. कोणीतरी "थँक यू वहिनी" म्हणाले. एकाच्याही मनात आले नाही, की जिने हे झाड लावले तिला विचारावे. ती वाट बघत होती. एक शब्द, नुसते "तुला काय वाटतं?" एवढे आले असते तर तिने सगळे सांगितले असते. ते आले नाही. ती आत गेली आणि तिने पुढचा घाणा काढला. झाडाला पाणी आणि खत दोन्ही मिळाले, आणि पारातली माती वर्षभर ओली राहिली. कुजण्याला याहून चांगली सोय कोणी करून दिली नसती.

सत्त्याऐंशीच्या मेमध्ये सगळ्या वसाहतीतली झाडे हिरवी झाली तेव्हा खांबेट्यांच्या लिंडनची रस्त्याकडची अर्धी बाजू तशीच काळी राहिली. घराकडच्या बाजूला पाने आली, पण रुपयाएवढी.

मंडळाचा रौप्यमहोत्सव नव्हता, दशकपूर्तीही नव्हती. पण जुलैत पिकनिक खांबेट्यांकडे होती आणि शिकागोकडची मंडळीही येणार होती. अर्धे मेलेले झाड बरे दिसणार नाही यावर एकमत झाले. पुरुषोत्तमरावांनी झाडे तोडणाऱ्या माणसाला फोन करून सोमवारची वेळ ठरवली. शनिवारी मंडळी पारावर बसून पुढचा विचार करू लागली. तोडल्यावर त्या जागी मेपल लावावा की ब्लू स्प्रूस, एवढाच प्रश्न होता.

"खांबेटे, वाईट वाटून घेऊ नका," चारुदत्त म्हणाले. "झाड काय, दुसरं येईल. पार महत्त्वाचा. तो भक्कम आहे."

"तो आपण बांधलाय," पुरुषोत्तमराव म्हणाले.

खिडकी उघडी होती. शरयूच्या हातात आल्याचा तुकडा होता. तो तिने किसणीवर तसाच ठेवला. तीन वर्षे ती ज्या क्षणाची वाट बघत होती तो येणारच नव्हता. झाड मेले की हे लोक खजील होतील, असा तिचा हिशोब होता. खजील व्हायला जेवढे काही अंगात लागते तेवढेही त्यांच्यापाशी नव्हते. ते झाड बदलणार होते आणि पार ठेवणार होते. मेपल मेला की स्प्रूस, स्प्रूस मेला की आणखी काही. चहा तिनेच द्यायचा. तिचे झाड मात्र सोमवारी जाणार होते, आणि ते अजून अर्धे जिवंत होते.

ती गॅरेजमध्ये गेली. होडीमागून कुदळ आणि फावडे काढले आणि बाहेर आली.

"वहिनी, आज चहाला उशीर," चारुदत्त म्हणाले.

"चहा नाही. उठा."

"अं?"

"पारावरून उठा. मला खणायचंय."

मंडळींनी पुरुषोत्तमरावांकडे पाहिले. पुरुषोत्तमरावांनी मंडळींकडे पाहिले.

"अगं, हे काय? लोक बसलेत."

"तेच म्हणतेय मी."

ते उठले. उठताना त्यांनी आपापले पाण्याचे पेले उचलले नाहीत, ते शरयूने उचलून बाजूला ठेवले. मग तिने फरशीच्या सांध्यात कुदळ घातली. फरशी पहिल्याच दणक्याला सुटली. सिमेंट भक्कम नव्हतेच.

"वहिनी, त्या अँगलनं नको," गिरीश म्हणाला. "लीव्हरेज मिळत नाही तिथून."

शरयूने कुदळ त्याच्यापुढे धरली. "तुम्ही दाखवा."

"नाही, म्हणजे माझा पाठीचा प्रॉब्लेम आहे. डिस्क."

"मग मागं सरका. माती उडेल."

तो मागे सरकला. सगळेच सरकले आणि हिरवळीवर अर्धगोल करून उभे राहिले. घरी कोणी गेले नाही. मोठा तमाशा सोडून कोण जातो? थोड्या वेळाने त्यांचा धीर परत आला आणि सल्ले सुरू झाले. बुंध्याजवळ हलक्या हाताने, वहिनी. आधी बाहेरची वीट काढायला हवी होती. फावडे छोटे पडतेय. शरयूच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येत होता. तिने पदर खोचला होता आणि ती खणत राहिली.

बुंधा उघडा पडला तेव्हा आंबलेल्या ताकासारखा वास आला. रस्त्याकडच्या बाजूची साल काळी, लिबलिबीत झाली होती. बोट लावताच सुटून आली. भरावाच्या मातीत खोडालाच नवी मुळे फुटली होती आणि त्यांतले एक, अंगठ्याएवढे, बुंध्याभोवती फासासारखे वळले होते. घराकडच्या बाजूला मात्र साल कोरडी होती. नखाने खरवडल्यावर आत हिरवे दिसले. शरयू गुडघ्यावर बसली आणि छाटणीच्या कात्रीने ते मूळ तोडू लागली. कात्री लहान होती. बराच वेळ लागला.

पुरुषोत्तमराव जवळ येऊन वाकले. त्यांनी सालीकडे पाहिले, वास घेतला आणि मागे झाले.

"तुला माहीत होतं हे," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"सांगितलं होतं."

"एकदा. तीन वर्षांत एकदा सांगितलंस."

शरयूचा हात थांबला. लिंडन लावल्यापासून पुरुषोत्तमरावांनी त्याच्याबद्दल जी काही वाक्ये उच्चारली होती, त्यांत हे एकच बरोबर होते, आणि ते नेमके आज निघाले होते. ती आयुष्यभर पाराला वळसा घालून गेली होती. पण स्वयंपाकघराची ती खिडकी म्हणजे तरी काय होते? तिथे बसून तिनेही तीन उन्हाळे नुसते निकालच दिले होते. बाहेरचे लोक निदान मूर्खपणाने झाड मारत होते. तिला कळत होते. हा विचार तिला अजिबात आवडला नाही, आणि त्या घटकेला तिने स्वतःची किंमत केली तीही नेहमीसारखी कमीच निघाली.

"आता रोज सांगेन," ती म्हणाली. "तो कचरा उचला इथला."

पुरुषोत्तमरावांनी एक वीट उचलली. ती कुठे ठेवायची हे त्यांना कळेना, म्हणून ते ती हातात धरूनच उभे राहिले. चारुदत्तांनी घड्याळ पाहिले आणि शोभाला डॉक्टरांकडे न्यायचे असल्याची त्यांना आठवण झाली. गिरीशची पाठ दुखू लागली. अर्ध्या तासात हिरवळीवर नवरा-बायको, विटांचा ढीग आणि अर्धे झाड एवढेच उरले.

सोमवारी माणूस आला तेव्हा शरयूने त्याला रस्त्याकडच्या मेलेल्या फांद्या तेवढ्या उतरवायला सांगितल्या. बाकीचे झाड राहील का, असे तिने विचारले. त्याने खांदे उडवले. राहिले तर राहील, म्हणाला, पण दिसायला कधी सरळ होणार नाही. पिकनिक त्या वर्षी नगरकरांच्या बेसमेंटमध्ये झाली.

लिंडन राहिले. अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये घराकडच्या फांद्यांना बरी पाने आली, थोडी फुलेही आली. रस्त्यावरून पाहिले तर ते कोणीतरी मधोमध चिरल्यासारखे दिसते. सावली मात्र खिडकीवर पुरेशी पडते, कारण उरलेली बाजू नेमकी खिडकीकडचीच आहे. मिसेस नोव्हाकनी टोपलीचा तळ झाकेल एवढी फुले नेली.

त्याच उन्हाळ्यात ॲन आर्बरहून श्रीरंग नावाचा एक संशोधक विद्यार्थी मंडळाच्या ओळखीने जेवायला आला. पुण्याचा, वनस्पतिशास्त्राचा. हात धुऊन अंगणात आला आणि झाडाकडे बघून म्हणाला, "काका, ह्याला काय झालं?"

पुरुषोत्तमराव बाकावर बसले होते. बाक शरयूने दुकानातून तयार आणवला होता आणि झाडापासून लांब ठेवला होता. ते पुढे झुकले.

"फार इंटरेस्टिंग केस आहे. बुंध्याला माती चढली होती. इथल्या कोणाच्या लक्षात येईना. पण मी एक दिवस बघितलं आणि म्हटलं, हे काढलं पाहिजे. सगळं खणून काढलं. म्हणून वाचलं."

शरयू आमरसाच्या वाट्या घेऊन आली होती. आंबे डब्यातले होते.

"माती ह्यांनीच चढवली होती," ती श्रीरंगला म्हणाली. "नऊ जणांनी मिळून. पार बांधला होता. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मग तीन वर्षं तोंड मिटून बसले, ती माझी चूक. माती काढली मी. ह्यांनी एक वीट धरली होती."

श्रीरंगने वाटी घेतली आणि कोणाकडे बघावे ते न कळून वाटीकडे बघितले.

"हे ती सगळ्यांना सांगते," पुरुषोत्तमराव म्हणाले.

"दर वेळी," शरयू म्हणाली. "रस घे, श्रीरंग. आणखी आहे."

पुरुषोत्तमरावांनी आपली वाटी पुढे केली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. त्यांच्या स्प्रिंगांचा गुण त्यांच्या अंगात आला होता. कितीही दाबले तरी वजन उठले की पुन्हा पूर्ववत. थोड्या वेळाने ते श्रीरंगला विचारू लागले, की वनस्पतिशास्त्रात पुढे काय स्कोप आहे, आणि उत्तर येण्याआधी स्वतःच सांगू लागले. शरयू ऐकत थांबली नाही. पानांवर सकाळपासून भुंगे बसले होते. तिने बादलीत साबण कालवला आणि ती झाडाकडे गेली.